राखेच्या खड्ड्यापासून सुरुवात

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्यांच्या घरी इंजिनांच्या यार्डाचे सामान बहुधा सगळ्यात आधी येते आणि त्याची जागा सगळ्यात शेवटी ठरते. टर्नटेबल, गोल शेड, कोळशाचा मनोरा, पाण्याची टाकी यांतली प्रत्येक वस्तू इतकी देखणी असते की दुकानात पाहिल्यावर मोह आवरत नाही. मुख्य मार्ग, स्थानक, मालधक्का हे सगळे आखून झाले की उरलेल्या कोपऱ्यात ती मंडळी दाटीवाटीने बसतात. फोटोत यार्ड छान दिसते. पण गाडी सोडून इंजिन तिथे आले की त्याला करायला काही काम नसते. ते शेडमध्ये शिरते, बाहेर येते, संपले.

हे टाळायचे तर या वस्तूंचे कूळ माहीत असावे लागते. त्यांतली एकही वस्तू शोभेसाठी जन्मलेली नाही. प्रत्येकीमागे वाफेच्या इंजिनाची एकेक गरज आहे, आणि त्या गरजा एकामागून एक, ठरलेल्या घडीला लागत.

सुरुवात डर्बीपासून करू. इंग्लंडमधल्या या गावी 1839 साली नॉर्थ मिडलंड रेल्वेने 16 बाजूंचे एक इंजिनघर बांधले. मधोमध टर्नटेबल, त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे रूळ, आणि वर सगळ्यांना मिळून एकच छप्पर. आज उभ्या असलेल्या गोल शेडांपैकी हे सर्वांत जुने मानतात. हल्ली तिथे महाविद्यालय भरते. गोल आकाराचा फायदा साधा होता. सरळ शेडमध्ये एकाच रुळावर चार इंजिने उभी असली तर आतले बाहेर काढायला पुढची तीन हलवावी लागतात. गोल शेडमध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःचा ठाण, आणि कोणतेही कधीही बाहेर निघते. शिवाय सांधे घालण्याचा खर्च आणि जागा दोन्ही वाचतात. तोटाही त्यातच आहे. टर्नटेबल अडकले की आतली सगळी इंजिने कोंडली जातात.

दुसरे प्रसिद्ध गोल शेड लंडनच्या कॅम्डेनचे, 1847 चे. अभियंता रॉबर्ट डॉक्रे यांनी ते मालगाड्यांच्या इंजिनांसाठी बांधले. पण इंजिने झपाट्याने लांब होत गेली आणि वीस-एक वर्षांतच ती त्या टर्नटेबलावर मावेनाशी झाली. इमारत भक्कम, पण मूळ कामाला निरुपयोगी. मग गिल्बी कंपनीने तिथे मद्याचे कोठार केले, आणि 1960 च्या दशकात तिथे नाटके आणि संगीताचे कार्यक्रम होऊ लागले, ते आजही होतात. लेआउट आखणाऱ्याने कॅम्डेन लक्षात ठेवावे. टर्नटेबल घेताना आपल्याकडे आज असलेले इंजिन मोजायचे नसते, पुढे कधीतरी हवेसे वाटणारे सर्वांत लांब इंजिन मोजायचे असते. युनियन पॅसिफिकचे 1941 चे ‘बिग बॉय’ टेंडरसह जवळजवळ 133 फूट लांब होते. एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 ला, तेही साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरते.

टर्नटेबल मुळात हवेच कशाला? वाफेच्या इंजिनाला तोंड असते. टेंडर पुढे करून उलटे धावताना ड्रायव्हरला समोरचे नीट दिसत नाही, कोळशाची धूळ डोळ्यांत जाते, वेगावर मर्यादा येते. म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी तोंड फिरवायचे. जुन्या टर्नटेबलांवर हे काम माणसे हातांनी करत, आणि त्यात एक नाजूक कसब होते. पुलाचा सगळा भार मधल्या खुंटीवर तोललेला असे. ड्रायव्हर इंजिन इंचाइंचाने पुढेमागे घेत तोल शोधी. तो नेमका साधला की दोन माणसे दांड्याला खांदा लावून शंभर टनांचे धूड फिरवू शकत. वीतभर चुकले की चौघांनाही ते हलत नसे. टेंडर भरलेला आहे की रिकामा, यावरही तोल सरके. म्हणून टर्नटेबल इंजिनाच्या चाकांच्या अंतरापेक्षा बरेच मोठे ठेवावे लागे. पुढे तीन ठिकाणी टेकू असलेले पूल आले, इंजिनाच्याच निर्वात ब्रेकवर चालणारे यंत्र आले, विजेच्या मोटरी आल्या, आणि हे कसब मागे पडले.

आता आग. माझ्या मते इंजिनांच्या यार्डाचा खरा केंद्रबिंदू टर्नटेबल नाही, राखेचा खड्डा आहे. सुरुवातीची इंग्लिश इंजिने कोक जाळत, कारण कायद्याने त्यांना धूर करण्याची मनाई होती. 1850 च्या दशकाच्या अखेरीस, पुन्हा डर्बीलाच, मिडलंड रेल्वेच्या मॅथ्यू कर्टली आणि चार्ल्स मार्कहॅम यांनी भट्टीत विटांची कमान बसवून कोळसा धुराविना जाळण्याची पद्धत रुळवली. कोळसा कोकपेक्षा स्वस्त, पण त्याच्याबरोबर राख आली, आणि राखेपेक्षा वाईट असा क्लिंकर आला. कोळशातली माती उष्णतेने वितळून जाळीवर काचेसारखी थिजते, हवेची वाट बंद करते, आणि इंजिन वाफ धरीनासे होते.

फेरी संपवून आलेले इंजिन म्हणून प्रथम खड्ड्यावर उभे राहायचे. दोन रुळांच्या मधला हा खोल, विटांनी बांधलेला चर. माणूस कॅबमध्ये चढून लांबलचक सळया भट्टीत घाली, क्लिंकरचे पोळे फोडी, चांगली आग एका बाजूला ओढून ठेवी आणि बाकीचे जाळीतून खाली पाडी. दुसरा खाली उतरून राखेची पेटी उपसे. तिसरे काम पुढच्या बाजूला. स्मोकबॉक्सचे गोल दार उघडायचे आणि आत साठलेला अर्धवट जळालेला कोळशाचा चुरा फावड्याने बाहेर काढायचा. वाऱ्याची दिशा चुकली की तो सगळा अंगावर. खड्ड्यातल्या लालभडक राखेवर नळीने पाणी मारत, तेव्हा वाफेचा लोट उठे आणि गंधकाचा वास दिवसभर कपड्यांना राही. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास सहज लागे, खराब कोळसा असेल तर जास्त. पाणी भरायला काही मिनिटे, मनोऱ्याखाली कोळसा भरायला काही मिनिटे, वाळू भरायलाही तेवढीच. तुंबारा व्हायचा तो खड्ड्यावरच. गर्दीच्या वेळी इंजिनांची रांग तिथे लागे.

आग पाडल्यावर इंजिनाजवळ उरते ती बॉयलरमधली शिल्लक वाफ. तिच्या जोरावर टर्नटेबलावर जाऊन फिरायचे आणि ठाणापर्यंत पोचायचे. त्यामुळे खड्डा आणि शेड यांच्यातले अंतर कमी हवे. कोळसा आधी की राख आधी, हे जागोजागी बदलत असे. पण ही गोष्ट कुठेच बदलत नाही, कारण ती वाफेने ठरवलेली आहे. 1930 च्या दशकात ब्रिटनच्या लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने आपली मोठी यार्डे नव्याने मांडली ती हेच धरून. यंत्राने कोळसा भरणारे काँक्रीटचे मनोरे, यंत्राने राख उचलणारे सांगाडे, पाणी, टर्नटेबल, शेड, आणि इंजिनाने या सगळ्यांतून एकाच दिशेने, मागे न वळता जायचे. उत्तर इंग्लंडमधल्या कार्नफर्थचा मनोरा आणि राखेचा सांगाडा जतन केला गेला आहे. ज्याला मॉडेल करायचे त्याने त्याची छायाचित्रे मिळवून पाहावीत, प्रमाणाचा अंदाज येतो.

खेळण्यातल्या गाड्यांत हा क्रम फार उशिरा आला. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्याच्या रुळांवर धावणारी गाडी मांडली आणि ठरावीक मापांचे रूळ, जोडून वाढवता येणारा संच ही कल्पना रुजवली. 1920 पासून ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या आल्या. त्यांच्याबरोबर पत्र्याचे टर्नटेबल, इंजिन शेड, पाण्याची टाकी मिळत. पण ती सुटी खेळणी होती. टर्नटेबल हाताने फिरवायचे, मजा फिरवण्याची.

दृष्टी बदलली ती अमेरिकेत. 1934 साली अल कॅल्मबाक यांनी मिल्वॉकीतून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक सुरू केले. त्यातच 1944 साली न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी एक लेखमाला लिहिली. लेआउट ही रंगभूमी, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे इंजिनाला आता भूमिका मिळाली. ते कुठून तरी येते, दमून येते, तयार होऊन पुन्हा निघते. पुढे 1963 साली जॉन आर्मस्ट्राँग यांचे रुळांच्या आखणीवरचे पुस्तक आले. आर्मस्ट्राँग पेशाने यांत्रिकी अभियंते, नौदलाच्या शस्त्रसंशोधन प्रयोगशाळेत कामाला. खोलीचे वळणाच्या त्रिज्येवर बेतलेले चौकोन पाडून कुठे काय मावेल हे आधी पाहायची त्यांची रीत आजही वापरतात. खरी रेल्वे का तशी चालते हे समजून मग रूळ टाकायचे, हा त्यांचा आग्रह, आणि इंजिनांच्या यार्डाला या हौसेत प्रतिष्ठा मिळाली ती मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे, असे मला वाटते.

याच वर्षांत खरी यार्डे पाडली जात होती. अमेरिकेत 1960 पर्यंत मुख्य मार्गांवरची वाफ जवळजवळ संपली. ब्रिटनमध्ये ऑगस्ट 1968 मध्ये कार्नफर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोझ ग्रोव्ह ही शेवटची तीन शेडे बंद झाली. यार्ड नीट कसे मांडावे हे हौशी लोकांना उमगत होते, नेमके तेव्हा ते समजावून सांगणारी माणसे निवृत्त होत होती. पुष्कळांनी शेडांत जाऊन मोजमापे घेतली, कामगारांना विचारून टिपणे केली. त्या टिपणांवर आजचे लेआउट उभे आहेत.

छोट्या रुळांवर आल्यावर जुने प्रश्न गेले आणि नवे आले. तोल शोधायचा प्रश्न उरला नाही. त्याऐवजी पुलाचे रूळ आणि ठाणाचे रूळ अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळावे लागतात, नाहीतर पुढची लहान चाके उतरतात. दुसरा प्रश्न विजेचा. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. पूल अर्धा वळसा फिरला की त्याचे रूळ उलटे होतात आणि ठाणाशी जुळताच शॉर्ट सर्किट होते. यावरचा जुना उपाय फार सुंदर आहे. पुलाखालचे विजेचे कडे दोन ठिकाणी तोडायचे आणि दोन अर्ध्यांना उलटसुलट जोडायचे. पूल फिरता फिरता अर्ध्या वाटेवर धन-ऋण आपोआप पालटते. ती तोडलेली जागा मात्र जिथे एकही ठाण नाही अशा दिशेला हवी, हे आखणीतच ठरवावे लागते. मेर्कलिनच्या मधल्या तिसऱ्या संपर्काच्या पद्धतीत दोन्ही बाहेरचे रूळ एकाच ध्रुवाचे असल्याने हा प्रश्न उद्भवतच नाही.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि तो हिशेब करून पाहिल्याशिवाय पटत नाही. एचओमध्ये 90 फुटी टर्नटेबल साडेएकतीस सेंटिमीटरचे होते. दोन ठाणांत 10 अंशांचा कोन धरला, तर दोन इंजिनांमध्ये माणसाला वावरता येईल असे 15 फुटांचे अंतर मध्यापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर मिळते. शेडची दारे तिथे येतात. शेडची खोली 100 फूट धरली तर आणखी 35. म्हणजे पूर्ण गोल शेडचा व्यास 130 सेंटिमीटर, प्लायवुडच्या अख्ख्या फळीची चार फूट रुंदी ओलांडून जाणारा. म्हणून शहाणे लोक सहा-सात ठाणांचा एक तुकडा बांधतात आणि वाचलेली लांबी येणाऱ्या रुळाला देतात. आणखी एक, टर्नटेबल हाताच्या टप्प्यात, कडेपासून पाऊण मीटरच्या आत असावे. ते बिघडतेच.

आपल्याकडे या विषयाला इगतपुरीइतके चांगले स्थानक दुसरे नाही. 1930 साली जीआयपी रेल्वेच्या विजेच्या तारा कल्याणहून थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत आल्या, आणि त्यापुढे भुसावळकडे कितीतरी वर्षे वाफच होती. म्हणजे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीचे विजेचे इंजिन इथे सुटणार, वाफेचे लागणार. खाली उतरणाऱ्या गाडीचे उलट. शिवाय 37 ला एक असा घाटाचा चढ, त्यामुळे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने. एका स्थानकावर एवढी कामे दुसरीकडे क्वचितच मिळतात. लेआउटवर एका बाजूला लपलेले मुंबईचे रूळ, दुसऱ्या बाजूला लपलेले भुसावळचे, आणि मधे फक्त इगतपुरी, एवढ्यावर संध्याकाळभर वेळापत्रक चालवता येते. खरे तर आपल्या ब्रॉडगेजला एचओमध्ये 19 मिलिमीटरचे रूळ हवेत, पण बहुतेकजण तयार मिळणारे साडेसोळाचेच वापरतात आणि त्यात काही बिघडत नाही.

1947 नंतर आलेल्या, निमुळत्या तोंडाच्या डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन या प्रमाणात सुमारे 27 सेंटिमीटर लांब होते. राखेच्या रुळावर अशी दोन इंजिने आणि त्यांच्या हालचालीला थोडी मोकळीक धरली तर 65 सेंटिमीटर लागतात. कागदावर पहिली रेघ तेवढ्या लांबीची ओढावी. तिच्या अलीकडे कोळसा आणि पाणी, पलीकडच्या टोकाला लगेच टर्नटेबल. तयार झालेल्या इंजिनाला फलाटाकडे जायला रांगेत न अडकणारा वेगळा रूळ द्यावा, आणि विजेच्या इंजिनांची थांबण्याची जागा स्थानकाच्या मुंबईकडच्या टोकाला ठेवावी.