मेडिकल कोडिंग: युरिनरी इम्प्लांट काढल्याचं बिल कसं बनतं?

मेडिकल कोडिंगच्या नोकरीच्या जाहिराती तुम्ही मोबाईलवर पाहिल्याच असतील. मी हेच काम करतो: पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलची बिलं कोड करतो. आज एकाच ऑपरेशनवरून हे काम समजून घेऊया.

इम्प्लांट म्हणजे काय?

लघवीवर ताबा राहत नसेल, तर काही रुग्णांना कृत्रिम स्फिंक्टर बसवतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर अशी वेळ येऊ शकते. याचे तीन भाग असतात: मूत्रमार्गाभोवतीचा कफ, पंप आणि द्रव साठवणारा फुगा. इन्फेक्शन किंवा बिघाड झाला, तर तो काढावा लागतो.

काय केलं? सीपीटी कोड

• ५३४४६: स्फिंक्टर फक्त काढला.
• ५३४४७: काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये नवा बसवला.
• ५३४४८: काढून लगेच नवा बसवला, पण इन्फेक्शन झालेल्या जागेत, ती जागा साफ करून.

नवा बसवण्याचा कोड ५३४४५ आहे. पण एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही झालं असेल, तर ५३४४६ आणि ५३४४५ असे दोन कोड लावायचे नाहीत. एकाच कामाचे तुकडे करून बिल लावलं, असा त्याचा अर्थ होतो.

का केलं? आयसीडी-१०-सीएम कोड

इन्फेक्शन असेल तर टी८३.५९१ए, यांत्रिक बिघाड असेल तर टी८३.१११ए. शेवटचा ‘ए’ म्हणजे डॉक्टरकडची पहिली भेट नव्हे. या त्रासावर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

खरं उत्तर कुठे सापडतं?

डॉक्टरच्या ऑपरेशन नोटमध्ये, आणि तीही पूर्ण वाचल्यावर. वर शीर्षकात नुसतं ‘काढला’ असतं आणि खाली शेवटच्या परिच्छेदात नवा बसवल्याचा उल्लेख निघतो! नोंद स्पष्ट नसेल तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरला लेखी विचारायचं. कोड चुकला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि आधीच त्रासलेल्या रुग्णाच्या हाती भलतंच बिल पडू शकतं. न केलेल्या कामाचं जास्तीचं बिल मुद्दाम लावणं तर तिथे गुन्हाच आहे.

मोबाईलवर शिकताना

कोड शोधायचं ॲप वापरत असाल, तर आधी त्यातलं वर्ष बघा. सीपीटीची नवी आवृत्ती १ जानेवारीला आणि आयसीडीची १ ऑक्टोबरला लागू होते. आणि रुग्णाच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये कधीच घेऊ नका. अमेरिकेचा हिपा कायदा रुग्णाची माहिती जपायला सांगतो.