टाकाऊ देठांचा चहा



दिवाळीत आमच्या गटातल्या एकीची लेक पुण्याहून आली. येताना तिनं एक लहानसं पाकीट आणलं. आत तपकिरी भुकटी होती. पाकीट उघडलं आणि भाजणीची कढई चुलीवरून उतरवताना येतो तसा खमंग वास सुटला. लेक म्हणाली, "हा होजीचा. जपानी चहा आहे. दूध घालून याचा लाटे करतात." लाटे म्हटल्यावर आम्हाला पोळपाट-लाटणं आठवलं आणि सगळ्या हसलो. मग तिनं सांगितलं की लाटे हा इटलीकडचा शब्द, त्याचा अर्थ दूध. पाकिटावरची किंमत वाचली तेव्हा मात्र हसू थांबलं. आमच्यातल्या एकीची सहा महिन्यांची बचत त्या मूठभर भुकटीत गेली असती.

एवढं काय आहे त्यात, म्हणून आम्ही शोधायला बसलो. वाचता वाचता कळलं की हा चहा एके काळी टाकाऊ मानलेल्या पानांचा आणि देठांचा आहे. आणि जपानी चहाची कढई वर्षानुवर्षं बायकांच्याच हातात होती. तो इतिहास आज सांगतो, आणि शेवटी घरी हा चहा कसा करायचा तेही सांगतो.

आधी नाव बघू. जपानी भाषेत 'होजिरु' म्हणजे भाजणं आणि 'चा' म्हणजे चहा. होजीचा म्हणजे भाजलेला चहा, बस्स. आपल्या आज्याही 'चा'च म्हणायच्या ना? शब्द मूळचा चीनचा. तो तिकडे जपानला गेला आणि इकडे आपल्याकडेही आला.

चहाचं रोपही जपानला चीनमधूनच मिळालं. एईसाई नावाचे बौद्ध भिक्खू ११९१ साली चीनहून परतले, त्यांनी चहाचं बी आणलं असं सांगतात. पुढे १२११ साली त्यांनी चहाच्या गुणांवर एक पुस्तकही लिहिलं. बरीच शतकं चांगला चहा हा मठांचा, सरदारांचा आणि श्रीमंतांचा मान राहिला. १७३८ साली क्योटोजवळच्या उजी भागात नागातानी सोएन या शेतकऱ्यानं कोवळी पानं वाफवून, हातानं मळून, वाळवून हिरवा चहा करण्याची रीत बसवली. त्याला सेंचा म्हणतात. पण कोवळं पान बाजारात गेलं की शेतकऱ्याच्या घरी काय उरायचं? मागून खुडलेली जून, जाड पानं. त्या चहाला बांचा म्हणतात. आपल्याकडे चांगला आंबा पेटीत जातो आणि डागी आंबा घरात राहतो, त्यातलाच प्रकार.

त्या घरांत 'होरोकु' नावाचं मातीचं पसरट भांडं असायचं, आपल्या खापरासारखं. त्यात तीळ भाजायचे, मीठ भाजायचं, डाळी-दाणे भाजायचे. चहा दमट होऊन वास उडाला की तोही त्यातच परतून घ्यायचा. सादळलेला पापड आपण पुन्हा विस्तवावर धरतो तसा. होजीचाचं मूळ अशा स्वयंपाकघरांत आहे, असं आम्हाला वाटतं.

आता एका बाईची गोष्ट. नागासाकी बंदरात १८२८ साली ओउरा केई नावाची मुलगी तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मली. पुढे तेलाचा धंदा बसला. घर सावरायची जबाबदारी केईवर आली. तेव्हा जपान परदेशी व्यापाराला जवळजवळ बंद होता. नागासाकीत डच व्यापाऱ्यांना परवानगी होती. १८५३ साली केईनं एका डच व्यापाऱ्याच्या हाती चहाचे नमुने परदेशी पाठवले. तीन वर्षं काहीच उत्तर आलं नाही. १८५६ साली एक इंग्रज व्यापारी तो नमुना शोधत आला आणि त्यानं प्रचंड मागणी नोंदवली. केईनं क्यूशू बेटावरचे मळे पालथे घालून सुमारे सहा टन चहा गोळा केला. तिथून तिची भरभराट झाली.

पण १८७१ साली तिनं तंबाखूच्या एका व्यवहारात दुसऱ्या माणसासाठी जामीन म्हणून सही केली. तो व्यवहार फसवणुकीचा निघाला. कर्ज तिच्या डोक्यावर आलं, मानही गेला. ती पळून गेली नाही, उरलेलं आयुष्य ते कर्ज फेडत राहिली. १८८४ साली सरकारनं चहाच्या निर्यातीसाठी तिचा गौरव केला. त्याच वर्षी ती गेली. मैत्रिणींनो, आपण गटात एकमेकींसाठी उभ्या राहतो ते चांगलंच आहे. पण कागद न वाचता केलेली एक सही काय करते, हे केईच्या आयुष्यावरून लक्षात ठेवू.

केईचं नाव तरी राहिलं. पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहोत त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

१८५९ साली योकोहामा बंदर उघडलं. जपानी चहा बोटींतून मुख्यतः अमेरिकेला जाऊ लागला. समुद्रप्रवास लांबचा. चहात जरा ओल राहिली तरी बुरशी यायची. म्हणून बंदरातच चहा पुन्हा भाजून कोरडा करायचे. त्यासाठी परदेशी व्यापाऱ्यांनी मोठमोठे कारखाने काढले. विटांच्या चुलींची रांग, प्रत्येक चुलीवर लोखंडी कढई, खाली कोळशाचा विस्तव आणि कढईवर वाकलेली एक बाई. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चहा हातानं हलवत राहायचा. उन्हाळ्यातही हेच काम, कारण चहाचा हंगामच तेव्हाचा. पाठीशी तान्ही बाळं बांधून काम करणाऱ्या आयांबद्दल त्या काळच्या प्रवाशांनी लिहिलं आहे. मजुरी रोजाची आणि तुटपुंजी. काही चहाला त्याच कढईत रंगही फासायचे, म्हणजे तो जास्त हिरवा दिसेल. अशा भेसळीवर अमेरिकेनं १८८३ साली कायदा केला. पुढे भाजायची यंत्रं आली आणि त्या बायकांचं काम हळूहळू संपलं.

या गोष्टीत आपला देशही आहे. १८७६ साली तादा मोतोकिची नावाचे जपानी अधिकारी काळ्या चहाची विद्या शिकायला भारतात आले. आसाम-दार्जिलिंगचे मळे पाहून ते चहाचं बी घेऊन परतले. तरी काळ्या चहाच्या शर्यतीत भारत आणि श्रीलंका पुढे गेले. अमेरिकेतल्या लोकांना आपल्याकडचा काळा चहा आवडू लागला आणि पहिल्या महायुद्धानंतर जपानी हिरव्या चहाची निर्यात घसरली. माल देशातच खपवायची पाळी आली.

चहा चाळला की जून पानं आणि देठ मागे उरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कानाझावा शहरात हे देठ भाजून विकायला लागले. १९२० च्या दशकात क्योटोच्या व्यापाऱ्यांनी जून पानं आणि देठ कोळशावर भाजून विकले आणि आजचा होजीचा रूढ झाला, असं सांगितलं जातं. स्वस्त चहा, पण दुकानाच्या दारात भाजायला लागलं की वासानंच गिऱ्हाईक थांबायचं. आजही तिथली काही चहाची दुकानं दारातच चहा भाजतात.

भाजल्यानं होतं काय? हिरव्या पानातला कडूपणा आणि तुरटपणा कमी होतो. रंग तांबूस-तपकिरी होतो आणि दाणे भाजल्यासारखा वास सुटतो. देठात आणि जून पानात झोप उडवणारं कॅफीनही कोवळ्या पानापेक्षा कमी असतं. म्हणून जपानमध्ये हा चहा जेवणानंतर, संध्याकाळी, म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही देतात. त्यात दूध घालायची रीत मात्र जुनी नाही. ती कॉफीच्या दुकानांमुळे अलीकडे आली. आणि त्या दुकानांत शिरल्यावर स्वस्त चहाची किंमत वाढली.

आता कृती. दोन कपांसाठी सांगतो. साधा, कुठलाही वास न लावलेला पानांचा हिरवा चहा घ्या. लिंबू किंवा तुळस घातलेला नको, आणि आपली नेहमीची चहापूडही चालणार नाही. ती आधीच काळी केलेली असते. जाड बुडाची कढई घासून कोरडी करा. तिला मसाल्याचा किंवा फोडणीचा वास नको. मंद आचेवर तीन मोठे चमचे पानं घाला आणि सतत हलवत राहा. तीन ते पाच मिनिटांत पानं तपकिरी होतील, खमंग वास येईल. धूर निघायच्या आत लगेच ताटात काढा, कढईत ठेवली तर करपतात. हे पहिल्या वेळी आमचं झालं, सगळा चहा राखेसारखा लागला.

एक कप पाणी उकळून गॅस बंद करा, भाजलेली पानं घाला, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. दुसरीकडे एक कप दूध तापवा आणि रवीनं चांगलं घुसळा, फेस येईल. दुकानातलं यंत्र हेच करतं. चहाच्या पाण्यात साखर विरघळवा, वरून दूध ओता. गूळ घालायचा तर दूध खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर नासायची भीती. भुकटी हवी असेल तर भाजलेली पानं गार करून मिक्सरमधून काढा आणि पातळ फडक्यातून चाळा. कपाला एक छोटा चमचा पुरतो.

एक गोष्ट मात्र जपा. हाही चहाच आहे. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. रक्त कमी असलेल्या आणि गरोदर बायकांनी जेवण आणि लोहाच्या गोळ्या यांच्यापासून तासभर तरी चहा लांब ठेवावा, आणि दिवसाचे कप मोजून घ्यावेत.

त्या दिवशी कप धुता धुता आम्ही आमच्याच वहीकडे वळलो. आमचा गट थालीपिठाची भाजणी विकतो. वहीत धान्याचे पैसे होते, गॅसचे होते, दळणाचे होते, पिशव्यांचे होते. चार तास कढईपुढे उभं राहून भाजणारीचे पैसे नव्हते. कुणी मुद्दाम वगळले नव्हते, ते मांडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. जपानच्या देठांना मोल आलं ते भाजल्यामुळे. आपल्या भाजणीलाही चव येते ती भाजल्यामुळेच.

आम्ही वहीत एक नवा रकाना आखला आहे. वर लिहिलं आहे, भाजण्याची मजुरी. शेजारी भाजणारीचं नावही लिहितो. तुमच्या वहीत तो रकाना आहे का, एकदा बघा.