टाळ्यांसकट

२०२५ साली 'शक्ती'चा 'माइंड एक्स्प्लोजन' आला. बँडला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ साली जो दौरा निघाला, त्यातलं हे लाइव्ह रेकॉर्डिंग. ते बाजारात येईपर्यंत झाकीर हुसेन गेलेले होते (डिसेंबर २०२४), त्यामुळे तबल्याचा एखादा तुकडा संपतो आणि हॉल दणाणून उठतो तेव्हा त्या टाळ्या जरा वेगळ्याच ऐकू येतात. गंमत अशी की 'शक्ती'चा पहिला अल्बमही लाइव्हच होता! १९७५ साली न्यूयॉर्कजवळच्या एका कॉलेजात झालेला कार्यक्रम, १९७६ साली रेकॉर्ड म्हणून निघाला. मधल्या काळात स्टुडिओतही काम झालं, पण ऐकणाऱ्यांच्या मनात बँड बसला तो कार्यक्रमातला.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हा. कार्यक्रमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं, आणि आपल्या महाराष्ट्रात या दोघांचं जमायला एवढा उशीर का झाला.

सुरुवात १९०२ पासून करू. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या आवाजाने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. तबकड्या बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या आणि छापून परत यायच्या. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, ते त्यामुळेच म्हणे. तिकडच्या कारागिरांना लेबल कुठलं लावायचं ते कळावं. आजच्या भाषेत मेटाडेटा! आपले भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. म्हणजे ज्यांच्या गाण्यासाठी लोक नाटकाला गर्दी करायचे त्यांचा आवाज जेमतेम दीड-दोन वर्षांनी हुकला.

वेळ मिळायचा साधारण तीन मिनिटं, मोठी तबकडी असेल तर चारच्या वर थोडा. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे काय हे आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळावं. डेमोला दहा मिनिटं मिळणार म्हणून आलो आणि मॅनेजर म्हणाला, एक स्लाइड दाखव. बंदिश, दोन आलाप, चार ताना, संपलं. काहींनी त्यातही सोनं केलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्या आजही ऐकाव्या, काहीच कमी वाटत नाही. पण तिथे श्रोता नाही. 'वाहवा' नाही, तंबोरे जुळवणं नाही, कोणी उशिरा आलं म्हणून झालेली चुळबूळ नाही. गवई आणि कर्णा, बास.

यातलं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण केसरबाई केरकरांचं. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. रेडिओ आणि रेकॉर्ड या दोन्हींबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. आपलं गाणं समोर बसून ऐकायचं, पाहिजे त्याने बैठकीला यावं, असा खाक्या. कंपन्यांसाठी गायल्या ते थोडकंच. आणि १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तेव्हा भारतातर्फे त्यावर गेली ती केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. आज ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. ज्या बाईला तबकडीत मावायचं नव्हतं तिची तबकडी माणसाने बनवलेल्या इतर कुठल्याही वस्तूइतकी लांब गेलीय, आणि त्यांची पुरी बैठक ऐकायची तर आपल्याला कोणा रसिकाने केलेल्या खरखरीत खासगी टेपची कॉपीची कॉपी शोधावी लागते.

(विषयांतर: माझं गाव साजगाव, खोपोलीला चिकटून. खोपोलीच्या पॉवर हाउसने १९१५ साली मुंबईला वीज पुरवायला सुरुवात केली. मुंबईत गिरण्या आमच्या घाटावरून पडणाऱ्या पाण्यावर चालत होत्या तेव्हा गाणं मात्र अजून कर्णा आणि स्प्रिंगच्या चावीवरच होतं. मायक्रोफोनने रेकॉर्डिंग सुरू झालं ते १९२५ साली, तेही अमेरिकेत. असो.)

१९४८ साली कोलंबियाने एलपी काढली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आपल्याकडे यायला आणखी काही वर्षं लागली, पण आली आणि रागाला श्वास घ्यायला जागा झाली. तरी एलपीसुद्धा बहुतेक स्टुडिओतलीच. परदेशात जॅझवाले क्लबमध्ये यंत्र नेऊन ठेवत होते, १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' झाली तर वर्षअखेरीस तीन तबकड्यांचा संच दुकानात होता. त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवतात आणि प्रेक्षक त्यालाच टाळ्या देतात, हे रेकॉर्डवर राहिलंय. मला तो क्षण पुढच्या धुनेपेक्षाही मोलाचा वाटतो. कारण त्या हॉलमध्ये त्या दिवशी कोण बसलं होतं हे त्यातून कळतं, स्टुडिओतल्या रेकॉर्डमधून ते कधीच कळणार नाही.

मराठीत टाळ्यांसकट, हशासकट रेकॉर्ड घराघरात गेली ती पु.लं.मुळे. 'असा मी असामी' प्रेक्षक नसलेल्या खोलीत वाचलेलं कल्पून बघा. नाही ना जमत? आमच्या पिढीला कुठल्या वाक्याला हसायचं ते त्या अनोळखी प्रेक्षकांनी शिकवलंय.

मग कॅसेट. फिलिप्सने काढली १९६३ साली, पण आपल्याकडे तिने धुमाकूळ घातला तो ऐंशीच्या दशकात. टी-सिरीज आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि एकदम सगळ्या तऱ्हेचं गाणं दुकानात आलं. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीतं आणि भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, पोवाडे. एचएमव्हीच्या काळात कुठलं गाणं रेकॉर्ड होणार हे मोजके लोक ठरवायचे, आता ते एसटी स्टँडसमोरचा टपरीवालाही ठरवू लागला. दुसऱ्या टोकाला पुण्याचं अलूरकर म्युझिक हाउस होतं. शरच्चंद्र आरोळकरांसारख्या, मोठ्या कंपन्यांच्या यादीत सहसा न बसणाऱ्या गायकांच्या कॅसेट त्यांनी काढल्या. आणि रॉकवाल्यांचं म्हणाल तर 'इंडियन ओशन'चा 'डेझर्ट रेन' हा १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या कित्येक अल्बमपेक्षा तो जास्त टिकला.

पण माझ्या मते कॅसेटचं खरं काम हे नव्हेच. कॅसेटने (आणि तिच्या आधी ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्या घरच्या स्पूलने) श्रोत्याच्या हातात रेकॉर्डचं बटण दिलं. साधा हिशोब करा. १२०० फुटी स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालवली तर ३२ मिनिटं, वेग निम्मा केला तर ६४. आवाज थोडा बोदा, पण अख्खा ख्याल मावतो! मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत, देवळांच्या सभामंडपांत वर्षानुवर्षं लोकांनी हे केलं. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या किती मैफली अशा टेपवर आहेत याची मोजदाद कोणाकडेच नसेल. कंपन्यांनी काढलेल्या रेकॉर्ड म्हणजे आपल्या संगीताच्या इतिहासाची अनुक्रमणिका. पुस्तक या टेपांमध्ये आहे.

आणि पुस्तकाला वाळवी लागलीय. चुंबकीय फितीवरचा थर ज्या चिकट पदार्थाने बसवलेला असतो तो दमट हवेत पाणी शोषतो, फीत चिकट होते, वाजवायला गेलं की थर हेडवर खरवडून येतो. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, म्हणून जुन्या टेपमध्ये तान सुरू व्हायच्या आधीच तिची पुसट सावली ऐकू येते. वरून बुरशी. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर शेवाळ येतं, तिथे कॅसेटचं काय होत असेल!

इथे साजगावची गोष्ट सांगायला हवी. आमच्या ताकईच्या विठोबाची कार्तिकात मोठी यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे या देवाला 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. पंढरीच्या देवाच्या नावाने बोंबील विकत घ्यायचे, हे फक्त आमच्याकडेच. तुकाराम महाराज मिरचीचा व्यापार करायला इकडे यायचे असं लोक सांगतात. माझ्या काकांकडे या यात्रेत आणि गावोगावच्या सप्ताहांत टू-इन-वनवर टिपलेल्या भजनांच्या चाळीसेक कॅसेट आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्यांतल्या दोन आगरी लग्नातल्या. धवलारीण बाया धवले म्हणतायत, मागे भांड्यांचा आवाज, पोरांचं रडणं. आज हळदीत वाजणारी आगरी-कोळी गाणी यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात, पण ज्या धवल्याच्या मुळावर ती उभी आहेत तो कुठल्याही कंपनीने असा, लग्नातल्या लग्नात, काढलेला माझ्या ऐकण्यात नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी एकेक कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला घेतली. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, तासाला दोन जीबी. जागा हा आता प्रश्नच राहिलेला नाही. प्रश्न दोन निघाले, आणि दोन्ही सॉफ्टवेअरचे नव्हते.

पहिला कायद्याचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते *प्रसिद्ध झाल्याच्या* पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. प्रसिद्धच न झालेल्या टेपचं घड्याळ सुरूच होत नाही! फितीचं आयुष्य मात्र संपत चाललेलं. शिवाय १९९४च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिला, १९९९ साली त्याची मुदत पन्नास वर्षं केली. हे योग्यच आहे. गवयाला न विचारता त्याची टेप विकणारे लोक आपण पाहिलेत, आणि केसरबाईंच्या हट्टामागे हाही विचार असेल तर त्यात चूक काय? पण परिणाम असा की ज्याच्याकडे टेप आहे तो घाबरून गप्प बसतो. जॉन कोल्ट्रेनने १९६५ साली सिएटलच्या एका क्लबमध्ये 'अ लव्ह सुप्रीम' वाजवलं, त्याची टेप जो ब्राझील या वादकाने केली होती. ती त्याच्या संग्रहात पडून राहिली आणि २०२१ साली रीतसर अल्बम म्हणून निघाली. छप्पन्न वर्षांनी, पण निघाली, कारण तिथे टेप सापडल्यावर वारस, कंपनी, अभ्यासक यांना एका टेबलाशी आणणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे आकाशवाणीने आपल्या संग्रहातल्या सीड्या काढल्या, तोही चांगला प्रयत्न. पण दिवाणखान्यातल्या स्पूलचं काय, हा प्रश्न तसाच. माझ्या मते नुसतं जपण्यासाठी उतरवणं आणि बाजारात काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोकांना सांगितलं तरी निम्मे डबे उघडतील.

आणि घाई एवढ्याचसाठी की त्या मैफली परत होणार नाहीत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद केले, वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट. झोपणाऱ्याची बाजू मला पटते, ऑन-कॉल असतो तेव्हा तर फारच. पण १९५३ पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा आणि पहाटे भीमसेनजी गायला बसायचे, ते संपलं. रात्रभर जागलेल्या हजारो लोकांसमोर पहाटेचा राग, हा प्रकार आता फक्त टेपवर आहे.

दुसरा प्रश्न काकांनी सोडवला. एका कॅसेटमध्ये अभंग ऐन रंगात असताना मागून बोंबीलवाली भाव ओरडते. दोनदा. नॉइज रिडक्शन लावलं तर ती जवळजवळ पूर्ण जाते, टाळ मात्र जरा पातळ होतात. मी काकांना दोन्ही ऐकवलं.

"काका, तुम्हाला कुठलं ठेवू?"

"अरे, पहिलं ठेव ना. ती भाव सांगतेय तो ऐकलास का? यावरून साल काढता येईल."

कॅसेटवर साल लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही बसून भावावरून अंदाज लावला, पेटीवाल्या बुवांच्या मुलाला फोन करून विचारलं, आणि त्याने सांगितलेलं साल काकांच्या अंदाजाच्या पुढे-मागे एका वर्षावर आलं. त्याच फोनवर त्याला फाइल पाठवू का विचारलं, तर म्हणाला, वडिलांचा आवाज आमच्याकडे कशातच नाही, आजच पाठवा. अजून एकतीस कॅसेट बाकी आहेत. त्यांतल्या सहांवर गाणाऱ्याचं नावच नाही. यंदाच्या यात्रेत लॅपटॉप घेऊन जुन्या भजनी मंडळींकडे बसायचं ठरवलंय, आवाजावरून ओळखतील.