आजोबांची संगीन : पात्यावरच्या खुणा कशा वाचाव्यात?

दुसऱ्या महायुद्धात आपल्या समाजातले अनेक तरुण सैन्यात गेले. त्यांच्या मागे घरात उरले ते एखादे पदक, पट्ट्याचे बक्कल आणि कुठे कुठे माळ्यावर चिंधीत गुंडाळलेली संगीन किंवा चाकू. "हे आज्याचं आहे, लढाईतलं," एवढेच नातवंडांना ठाऊक असते. मग कोणी ते पाते भंगारात देतो, कोणी लोहाराकडून त्याचा कोयता करून घेतो. पात्याबरोबर घराचा इतिहासही जातो.

हे पाते साधे नाही. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. पण गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली आणि १९४२ मध्ये कामठीला दुसरी. ही दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या आघाडीवरही गेली. आजोबांच्या हाती शस्त्र आले ते असे, झगडून मिळवलेल्या हक्काने.

आता खुणांकडे वळू. पाते मुठीला जिथे मिळते, तिथे दोन्ही बाजू पाहाव्यात. पाते सुमारे १७ इंच लांब असेल, तर ती बहुधा '१९०७ नमुन्याची' संगीन. ही थ्री-नॉट-थ्री रायफलला बसत असे. एका बाजूला मुकुट, त्याखाली इंग्रजी 'जी.आर.' म्हणजे राजा जॉर्ज, मग १९०७ हा आकडा आणि महिना-वर्ष असते. १९०७ हे नमुन्याचे साल आहे, बनावटीचे नव्हे. लोक इथेच फसतात. बनावटीचे साल खाली छोट्या आकड्यांत असते.

'जी.आर.आय.' आणि 'आर.एफ.आय.' अशी अक्षरे असतील तर ती संगीन बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेली. दुसऱ्या महायुद्धात भारतात सुमारे १२ इंची आखूड संगिनीही निघाल्या. काही तर जुन्या लांब पात्यांना कापून केलेल्या. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. त्याखाली इंग्रजी 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारची.

आठ इंची, धार नसलेला, जाड खिळ्यासारखा सुळा असेल तर तो चार नंबरच्या रायफलचा. सुमारे ४० सेंटिमीटरचे पाते आणि मुठीशी पुढे वळलेला आकडा असेल, तर ती जपानी संगीन असू शकते. पण असा आकडा १९१३ च्या आधीच्या इंग्रजी संगिनीलाही असे. म्हणून शिक्का पाहूनच ठरवावे. घडीचा चाकू, त्यात डबा फोडायचे पाते आणि दोर सोडवायचा सुळा, हा शिपायाच्या रोजच्या वापरातला. खुकरी मात्र फक्त गुरख्यांकडेच असे, असे समजू नये. ब्रह्मदेशच्या जंगलात इतर पलटणींनीही ती वापरली.

एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. संगीन सरकारी असे, नोकरी संपली की जमा करावी लागे. १९१८ ची संगीन १९४४ मध्येही शिपायाच्या कमरेला असू शकते. पात्यावरचा किंवा मुठीवरचा नंबर सहसा शस्त्राचा किंवा पलटणीचा असतो, आजोबांचा नव्हे. पाते हा अर्धा साक्षीदार आहे. उरलेली साक्ष कागद देतो. डिस्चार्जचे कागद, पदके, टोपीचा बिल्ला, वर्दीतला फोटो हे सगळे एकत्र ठेवा. बिल्ल्यावर आधी कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी कट्यार आली. म्हणजे बिल्लाही काळ सांगतो. कागदात गोंदिया जिल्हा शोधू नका. तो १ मे १९९९ ला झाला. आपला इटियाडोहचा परिसर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होता. रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

घरच्यांनी एवढे करावे. गंज काढायला पॉलिश पेपर किंवा चिंच लावू नये, खुणा पुसतात. मऊ फडक्याने मशीनचे थोडे तेल लावावे. खुणेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली की अक्षरे उमटतात. त्यावर तारीख आणि कोणाच्या घरचे ते लिहून ठेवावे. शस्त्र कायद्यात संगिनीचा उल्लेख आहे, तेव्हा ठाण्यात विचारून घ्यावे. लेकरांच्या हाती ती देऊ नये.

बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्या घरात शस्त्राचे काय काम, असे कोणी विचारील. ते पूजेला नको, मिरवायलाही नको. ज्यांना शस्त्र धरू दिले जात नव्हते त्यांनी ते धरले आणि काम संपल्यावर खाली ठेवून धानाच्या बांधीत परतले, याची ती खूण आहे. वस्तीत अजून एखादी म्हातारी माय असेल, जिला नवऱ्याच्या पलटणीचे नाव आठवते. आधी तिला विचारा, आणि आजच लिहून घ्या.