शब्दांचें अवडंबर

अर्थ थोडा आणि शब्द भारी असा प्रकार दिसला, म्हणजे आम्ही त्यास शब्दांचें अवडंबर म्हणतों. ह्या शब्दाचें कुळ पाहण्यासारखें आहे. त्याचें संस्कृत मूळ ‘आडंबर’, आणि तें प्रथम एका वाद्याचें नांव होतें. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायांत निरनिराळे व्यवसाय सांगतांना ‘आडंबराघात’, म्हणजे तें वाद्य वाजविणारा, ह्याचा उल्लेख येतो. पुढें रणवाद्यांचा घोष, हत्तींची गर्जना असे अर्थ त्यास येऊन मिळाले, व अखेर डौल आणि दिमाख हा अर्थ रूढ झाला.

मराठींत ह्या शब्दावर दोषाची छाया पडली आहे. परंतु पाल्हाळ निराळा व अवडंबर निराळें. पाल्हाळिकाचे शब्द साधे असूं शकतात. अवडंबर चार शब्दांतहि होतें. पूजेचें, लग्नाचें, विद्वत्तेचें अवडंबर आपण म्हणतों, तें साधन साध्याहून मोठें झालें म्हणूनच.

संस्कृत शब्द आला कीं अवडंबर झालें, ही मात्र भ्रामक समजूत होय. तिचें निरसन करण्यास कोल्हापूरकरांस दूर जावयास नको. करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत, १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेलें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पाहावें. ‘अमात्य’ हें पदच मुळीं १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं ‘मुजुमदार’ ह्या फारशी नांवाच्या जागीं आलेलें. तें भारदस्त खरें, पण पोकळ नव्हे. त्यामागें राज्याच्या जमाखर्चाची जबाबदारी होती.

आज्ञापत्रांत शिवछत्रपतींचा पराक्रम वर्णितांना भाषा संस्कृतप्रचुर होते. आरमारासाठीं लाकडाचा विषय निघतांच मात्र ती जमिनीवर उतरते. रयतेनें वर्षानुवर्षें जोपासलेलीं आंब्याफणसाचीं झाडें बळजबरीनें तोडूं नयेत. जीर्ण झाड हवेंच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा तेथील आशय आहे. तो गांवच्या कारकुनास कळला नसता, तर नुकसान शैलीचें नव्हे, रयतेच्या झाडांचें झालें असतें.

आजच्या कित्येक सरकारी सूचना वाचतांना हें आठवतें. ज्याच्यासाठीं सूचना, त्यालाच ती दुसऱ्याकडून समजावून घ्यावी लागते. कठिण शब्द वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो काढून पाहावा. अर्थ उणा झाला तर ठेवावा, न झाला तर तो नुसता नगाऱ्याचा आवाज समजावा.