कडूकंद

सन 1899, कार्तिक महिना. तुम्ही अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी महादेव कोळ्यांच्या एका वाडीत आहात. पावसानं दगा दिलाय. नाचणी-वरईची कणसं पळंज राहिली, कणग्या रित्या झाल्या. खाली देशावर माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला निघालीत.

वाडीतली म्हातारी खांद्यावर पहार टाकून पुढं चालते, तुम्ही पाटी घेऊन मागं. झाडावर पिवळा पडलेला एक वेल लोंबतोय. त्याच्या बुडाशी ती उकरू लागते. हातभर खाली कंद लागतो. त्याचा डोळ्याकडचा तुकडा कापून ती परत मातीत पुरते. "समदं न्हेलं तर पुढल्या साली काय खाशील?"

घरी येऊन तुम्ही कंद सोलता, पातळ काप करता. एक काप जिभेला लावून बघता आणि लगेच थुंकता. तो कडूपणा घशातून जाता जात नाही. म्हातारी चुलीतली राख पाण्यात कालवते आणि त्यात काप उकळते. मग ते टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या धारेत ठेवायचे, वर दगड. पाणी वाहतं हवं, साचलेल्या डबक्यात कडूपणा तसाच राहतो. रात्रभर टोपली धारेत. पहाटे चोळून धुवायचं आणि पुन्हा शिजवायचं.

मधल्या वेळात तिची सून बरबड्याच्या शेंगा झोडपते. बी मोहरीएवढं, ओंजळभर मिळायला दुपार जाते. तेच जात्यावर दळून, असेल ते मूठभर पीठ मिसळून भाकरी.

दुष्काळात माणसं झाडपाला खाऊन जगली, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते अन्यायाचं वाटतं. कुठला कंद, किती राख, किती पाणी हे इथल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात चूक झाली तर पोरं आजारी पडायची. पुढं 1902 साली गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी खाद्यवनस्पतींवर टिपण छापलं. या वाडीतल्या चुलींवर ती विद्या त्याच्या कितीतरी आधीपासून रोज कामी येत होती.

पहाट झाली. म्हातारी एक काप आधी स्वतः चावते, थोडा वेळ थांबते आणि मान हलवते. अजून कडू आहे. टोपली पुन्हा ओढ्यात जाते. आज पोरांना बरबड्याचीच भाकरी.