‘नापसंती’ नावाची परवानगी : मुंबईतील बांधकाम-अर्जाचा शब्देतिहास

मुंबई शहरात इमारत बांधू इच्छिणाऱ्याच्या हाती महानगरपालिकेकडून जो महत्त्वाचा कागद पडतो, त्याचे नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ असे आहे. कचेरीत व बांधकामाच्या धंद्यात त्यास ‘आयओडी’ म्हणतात. शब्दशः अर्थ करावयाचा तर ती नापसंतीची सूचना होय. तथापि ती मिळाली म्हणजे अर्जदार निराश होत नाही. उलट काम मार्गी लागले असे समजतो. शब्द नकाराचा आणि अर्थ बव्हंशी होकाराचा, ही विसंगती कशी उत्पन्न झाली याचा विचार येथे करावयाचा आहे.

तिचे मूळ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे. त्यातील कलम ३३७ नव्या इमारतीसंबंधी व कलम ३४२ दुरुस्ती आणि फेरफारांसंबंधी आहे. ही कलमे नागरिकास परवानगी मागावयास सांगत नाहीत. बांधण्याचा आपला इरादा आयुक्तास ‘नोटीस’ देऊन कळवावा, एवढेच सांगतात. आयुक्त नकाशे व अधिक माहिती मागवू शकतो. कलम ३४५ प्रमाणे तीस दिवसांत त्याने नापसंती कळविली नाही, तर नोटीस दिल्यापासून एक वर्षाच्या आत काम सुरू करता येते. मात्र कायद्यातील अन्य तरतुदींचा भंग होता कामा नये. म्हणजे मौनास येथे संमतीचे मूल्य आहे, परंतु त्या मौनाने नियमबाह्य बांधकाम नियमित ठरत नाही.

कलम ३४६ मध्ये आपल्या कोड्याचे उत्तर सापडते. योजलेले काम एखाद्या तरतुदीविरुद्ध जात असेल, तर आयुक्ताने नापसंती कळवावी, आणि कोणत्या अटींवर ते काम करता येईल तेही सांगावे, अशी तेथे योजना आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ‘नापसंत आहे’ हे मुख्य वाक्य आणि ‘या अटी पाळल्यास चालेल’ हे गौण वाक्य. पुढील व्यवहारात अटींची यादी जोडून सूचना देण्याचाच प्रघात पडला. अर्थाचा सारा भार गौण वाक्यावर गेला. मुख्य वाक्य केवळ मथळ्यापुरते उरले.

दरम्यान कायद्याची दृष्टीही पालटत होती. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. एकेक घर नियमात बसले तरी सबंध वस्तीस उजेड व वारा मिळेलच असे नाही, ही जाणीव त्यामागे होती. १९१५ चा नगररचना अधिनियम, त्याची जागा घेणारा १९५४ चा अधिनियम आणि अखेर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, अशी ही वाट आहे. या शेवटच्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये ‘नोटीस’ नाही. तेथे परवानगीसाठी ‘अर्ज’ आहे. कलम ४५ अन्वये परवानगी बिनशर्त देता येते, सशर्त देता येते अथवा नाकारता येते. दिलेली परवानगी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रात नमूद होते. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते, पण प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच.

‘मी बांधणार आहे’ या निवेदनाची जागा ‘मला बांधू द्यावे’ या विनंतीने घेतली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. पहिल्यात हक्क गृहीत आहे, दुसऱ्यात नियोजनाचे सामाजिक हित. जुना कायदा मात्र रद्द झाला नाही. त्यामुळे मुंबईकरास एका हाती नापसंतीची सूचना व दुसऱ्या हाती प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावे लागले. एक कागद निवेदनाच्या युगातला, दुसरा विनंतीच्या.

या व्यवहारातील मराठी शब्दही बोलके आहेत. ‘अर्ज’ व ‘मंजूर’ अरबीतून, ‘परवानगी’ फारसीतून आली. ‘मंजूर’ आणि ‘नजर’ यांचा धातू एकच. मंजूर म्हणजे मुळात नजरेखालून गेलेले. इमारत जमिनीवर येताच मात्र घरचे शब्द पुढे होतात : आधी जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्याकडून मिळणाऱ्या अशाच सशर्त कागदास ‘इंटिमेशन ऑफ अप्रूव्हल’, म्हणजे पसंतीची सूचना, म्हणतात. एकाच शहरात जवळजवळ एकच कार्य करणाऱ्या दोन कागदांना परस्परविरुद्ध नावे असावीत, हे उदाहरण कोशकारांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा प्रश्न केवळ शब्दांच्या कौतुकाचा नव्हे. जाणकार वास्तुविशारदास ‘नापसंती’चा अर्थ ठाऊक असतो, एकदाच घर बांधणाऱ्या सामान्य माणसास तो नसतो. तो एक तर घाबरतो, किंवा याच्या उलट, ‘ही तर परवानगीच’ असे ऐकून अटींची यादी न वाचताच काम सुरू करतो. दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण कायद्याच्या दृष्टीने अटी पुऱ्या होईपर्यंत नापसंती ही नापसंतीच असते. ‘अटींसह संमती’ असे सरळ मराठी नाव त्या कागदास मिळाले, तर कायद्याचे काही बिघडणार नाही. वाचणाऱ्याचे मात्र पुष्कळ साधेल.